गडहिंग्लज मतदारसंघ गेला कुठे? कोल्हापूरचे १२ आमदार १० कसे झाले

गारगोटीकराला तीन नावं पाठ ठेवावी लागतात. गाव गारगोटी, तालुका भुदरगड आणि मतदारसंघ राधानगरी. बाहेरचा माणूस इथे हमखास गोंधळतो. तरी आपलं बरं आहे म्हणायचं. नाव शेजाऱ्याचं असलं, तरी २००४ पासून निवडून आलेले दोन्ही आमदार, के. पी. पाटील आणि प्रकाश आबिटकर, भुदरगड तालुक्यातलेच. शेजारच्या गडहिंग्लजचं मात्र तसं नाही. तिथे २००९ पर्यंत स्वतःच्या नावाचा मतदारसंघ होता. आता यादीत ते नावच सापडत नाही.

विशेष म्हणजे तो गेला तेव्हा त्याचा आमदार साधासुधा नव्हता. २००४ ते २००९ या काळात बाबासाहेब कुपेकर विधानसभेचे अध्यक्ष होते आणि ते निवडून आले होते गडहिंग्लजमधून. त्यांच्याआधी जनता दलाचे श्रीपतराव शिंदे यांनी या जागेचं प्रतिनिधित्व केलं होतं. राज्यात इतरत्र जनता दल नावापुरता उरला, तरी गडहिंग्लजमध्ये त्याची मुळं टिकली. २०१६ मध्ये थेट नगराध्यक्षपदाची निवडणूकही याच पक्षाच्या स्वाती कोरी यांनी जिंकली. स्वतःचं राजकारण असलेलं असं हे गाव. तरीही त्याचा मतदारसंघ टिकला नाही.

नेमकं काय झालं?

२००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. परिसीमन म्हणजे लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणं. राज्यातल्या एकूण जागा गोठवलेल्या होत्या : विधानसभेच्या २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे एका जिल्ह्याला जागा द्यायची तर दुसऱ्याची काढावी लागणार. आधार धरला २००१ च्या जनगणनेचा. १९ फेब्रुवारी २००८ पासून नवी रचना लागू झाली आणि महाराष्ट्रात पहिल्यांदा ती वापरली गेली २००९ च्या निवडणुकांत.

हिशेब सोपा आहे, मोबाईलवर करून बघा. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या होती सुमारे ९ कोटी ६९ लाख. तिला २८८ ने भागलं की एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं येतात. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३५ लाख २३ हजार. भागाकार येतो साडेदहाच्या किंचित खाली. म्हणून १२ च्या १० जागा झाल्या. त्याच वेळी ८१ लाखांच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून थेट २४ वर गेल्या. साताऱ्याच्या १० च्या ८, सांगलीच्या ९ च्या ८, रत्नागिरीच्या ७ च्या ५, सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३ झाल्या.

यातली खोच लक्षात घ्या. इथून पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याला गेलेला माणूस तिकडच्या जनगणनेत मोजला जातो. म्हणजे घरातला पोरगा गेला, त्याच्या पाठोपाठ आमदारही गेला.

कुठली नावं पुसली गेली?

जुने १२ मतदारसंघ असे : चंदगड, गडहिंग्लज, कागल, राधानगरी, सांगरूळ, पन्हाळा, शाहूवाडी, करवीर, कोल्हापूर, वडगाव, इचलकरंजी आणि शिरोळ. यातले गडहिंग्लज, सांगरूळ, पन्हाळा आणि वडगाव यादीतून गेले. कोल्हापूरचे उत्तर आणि दक्षिण असे दोन झाले, हातकणंगले हे नाव नव्याने आलं.

लोकसभेतही असंच घडलं. १९७७ पासून असलेला इचलकरंजी मतदारसंघ संपला आणि १९७७ पूर्वी असलेलं हातकणंगले हे नाव परत आलं. त्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही जोडले गेले. इचलकरंजीतून बाळासाहेब माने, कल्लाप्पाण्णा आवाडे आणि निवेदिता माने लोकसभेत गेले होते. हातकणंगलेतून २००९ मध्ये निवडून आले राजू शेट्टी.

सांगरूळ किंवा पन्हाळ्यापेक्षा गडहिंग्लजची गोष्ट आपल्याला जवळची, कारण तिचे धागे आपल्या मतदारसंघापर्यंत येतात. गडहिंग्लज शहर आणि कडगावकडची गावं कागलला जोडली गेली (हे कडगाव गडहिंग्लज तालुक्यातलं, आपल्या पाटगाव रस्त्यावरचं नव्हे). नेसरी, हलकर्णीचा पट्टा चंदगडमध्ये गेला. शेजारच्या आजरा तालुक्याचे तर तीन तुकडे झाले. आजरा परिसर राधानगरीत, उत्तूरचा भाग कागलमध्ये आणि उरलेला चंदगडमध्ये. तहसीलदार एक, आमदार तीन. रस्त्याचं किंवा पाण्याचं काम घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे तिथे गावागणिक बदलतं. आमदार तीन असण्याचा फायदाही सांगणारे आहेत : एकाने नाही म्हटलं तर दुसरा आहे. पण तिघांपैकी एकाचंही राजकारण आजऱ्यावर अवलंबून नाही, हे जास्त खरं.

बोलीभाषेत लोकांनी आपापल्या सोयीने नावं जोडून घेतली. ‘कागल-गडहिंग्लज-उत्तूर’, ‘राधानगरी-भुदरगड-आजरा’ असं सभेत, फ्लेक्सवर सर्रास म्हटलं जातं. निवडणूक आयोगाच्या कागदावर मात्र फक्त ‘कागल’ आणि ‘राधानगरी’.

कुपेकरांनी २००९ मध्ये चंदगडमधून उभं राहून विजय मिळवला. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत संध्यादेवी कुपेकर निवडून आल्या, २०१४ मध्ये पुन्हा त्याच. नेत्याला नवी जागा मिळते. गावाला मिळेलच असं नाही.

भुदरगडला स्वतःचा मतदारसंघ का नाही?

२०११ च्या जनगणनेत भुदरगड तालुक्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. एका जागेला लागणाऱ्या आकड्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यामुळे राधानगरीशी जोडी अटळ. नावाचा मान राधानगरीला मिळाला, तिची लोकसंख्या आपल्यापेक्षा जास्त आहे.

कायद्यात फक्त लोकसंख्याच आहे असं नाही. भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार करायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. पण डोंगराळ भागाला ठरावीक सूट नाही. स्कॉटलंडमध्ये ती आहे. तिथल्या ब्रिटिश संसदेच्या जागा २००५ मध्ये ७२ वरून ५९ आणि २०२४ मध्ये ५७ झाल्या, अनेक जुनी नावं गेली. तरी ऑर्कनी-शेटलंडसारख्या दूरच्या बेटांचे मतदारसंघ, मतदार कमी असले तरी, कायद्यानेच राखून ठेवले आहेत. पाटगाव, दाजीपूरच्या वाड्यांना अशी सवलत मागायची तर कायदाच बदलावा लागेल.

पुढच्या वेळी काय?

८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. ती जनगणना २०२७ ची. २०११ चे आकडे घेतले तर राज्य ११ कोटी २४ लाख, एका जागेमागे ३ लाख ९० हजार. कोल्हापूर ३८ लाख ७६ हजार, म्हणजे भागाकार दहाच्या जरासा खाली. दहा जागा जेमतेम बसतात. त्या दशकात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, कोल्हापूर १० टक्क्यांनी. हाच वेग राहिला आणि जागा २८८ च ठेवल्या, तर आकडा साडेनऊच्याही खाली येतो. एकूण जागा वाढवल्या तर गणित वेगळं होईल. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही परिसीमनाशीच जोडलेली आहे.

आयोगाचा अंतिम आदेश निघाला की त्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, अशी तरतूद आहे. मागच्या वेळच्या कायद्यात प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. सामान्य मतदाराला संधी असते ती मसुदा प्रसिद्ध झाल्यावर : लेखी हरकत द्यायची आणि जाहीर सुनावणीत बोलायचं. मसुद्यात महसुली मंडळांची नावं असतात, गावांची यादी बहुधा नसते. आपलं गाव कुठल्या मंडळात येतं, हे सातबाऱ्याच्या कामासाठी जाल तेव्हा तलाठ्याला विचारून ठेवा.