पन्नासची छोटी लेन्स

कॅमेऱ्यासाठी दुसरी लेन्स कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी बेधडक सांगते, ५० एमएम, एफ/१.८. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम लेन्स जेमतेम १६० ग्रॅमची, मुठीत मावणारी. तिला झूम नाही. फ्रेम बदलायची तर आपणच पुढेमागे व्हायचं, आणि मला तेच आवडतं.

खरी मजा उजेडाची. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची झूम लेन्स ५५वर फार तर एफ/५.६पर्यंत उघडते, ही १.८वर जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पुण्याच्या मंडईत भल्या पहाटे, एका बल्बखाली गजरे ओवणाऱ्या मावशींची बोटं मी फ्लॅशशिवाय टिपते. सुईचं टोक लख्ख, मागची पाटी धूसर. मात्र इतक्या जवळून फोकसमध्ये राहणारी पट्टी फारच अरुंद असते. मावशींचा हात जरा हलला की सुई निसटते. अशा वेळी सरळ २.८ करावं.

लहान सेन्सरच्या कॅननवर हीच लेन्स ८० एमएमसारखी चौकट देते. चेहऱ्यांना उत्तम, घरातल्या पंगतीला अपुरी. घरगुती कार्यच जास्त टिपत असाल, तर २४ एमएम एफ/२.८ बघा; तिची जाडी तर २३ मिलिमीटरच आहे.