बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

घरात बाळ आले की आपल्याकडे सर्वांचेच हात कामाला लागतात. बाळाच्या कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशीचा अकीका ठरतो, डिंकाचे आणि अळीवाचे लाडू वळले जातात, मालिशवाली येऊ लागते. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, ‘दूध पुरतंय ना? बाळाचं वजन किती? टाके दुखतात का?’ चाळीस दिवस ही वर्दळ चालू असते. पण ‘तुझं मन कसं आहे?’ असे विचारणारे क्वचितच कोणी भेटते. ती आपणहून रडू लागली तर कोणी म्हणते, ‘नजर लागली असेल.’ कोणी म्हणते, ‘अल्लाहनं इतकं गोंडस बाळ दिलंय आणि रडतेस? शुक्र कर.’

सूरह मरियम आपल्या घरांत आवडीने वाचली जाते. गरोदर स्त्रीने ती वाचावी, अशीही अनेक घरांत रीत आहे. त्या सूरहमध्ये कळांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरियम (अ. स.) खजुराच्या बुंध्याशी येतात आणि याआधीच मरण आले असते तर बरे, असे त्यांच्या तोंडून निघते. यावर त्यांची कानउघाडणी होत नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळतो. पायाशी पाण्याचा झरा, खायला ताजी खजूर आणि लोकांना उत्तरे देण्याच्या ओझ्यातून सुटका मिळते. हजरत मरियमसारख्या पाक स्त्रीवर अशी वेळ आली, तर आपल्या सुनेच्या उदासीला आपण ईमानाची कमजोरी कोणत्या तोंडाने म्हणायची?

हळवेपणा आणि आजार

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन हळवे होते, उगीच रडू येते. बहुतेकींचे हे दोन आठवड्यांच्या आत आपोआप शमते. पण उदासी त्यापुढेही रेंगाळली, बाळ झोपले तरी आईला झोप लागेना, जेवणावरची वासना गेली, बाळाविषयी ओढ वाटेना किंवा ‘मी वाईट आई आहे’ हा विचार डोक्यातून जाईना, तर तो आजार असू शकतो. तो गरोदरपणातही सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकी सुमारे 16 टक्के आणि बाळंतिणींपैकी सुमारे 20 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो. त्यांत मुख्यतः नैराश्य असते.

गोव्यात एका रुग्णालयातील 270 मातांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण असेल तिथे धोका वाढलेला होता. मुलगा हवा असताना मुलगी झाली, तिथेही तो वाढलेला होता. मुलींना प्रेमाने वाढवणाऱ्यास जन्नतची खुशखबर देणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत आहोत. मुलगी झाली म्हणून आपल्या घरात कोणाचा चेहरा उतरला होता का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

रावळपिंडीचा धडा

इतक्या स्त्रियांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. त्या गावांत तज्ज्ञ नव्हते, पण ‘लेडी हेल्थ वर्कर’ होत्या. शाळा शिकलेल्या, त्याच गावच्या, घराघरांत जाणाऱ्या बाया, आपल्या आशाताईंसारख्याच. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले, चार महिन्यांनी एक दिवसाची उजळणी झाली आणि दर महिन्याला अर्धा दिवस एकत्र बसून अडचणींवर चर्चा होत राहिली.

आधी त्या ऐकायला शिकल्या. मध्येच न तोडता, नसीहत न करता समोरच्या बाईचे पुरते ऐकून घ्यायचे. मग तिच्या मनातला घातक विचार ओळखायचा. ‘माझ्या नशिबातच हे आहे, माझ्या हातून काही व्हायचं नाही’ असे ती म्हणाली, तर वाद घालायचा नाही. चित्रे दाखवत, गप्पा मारत त्या विचाराला दुसरी बाजू आहे हे तिचे तिलाच दिसू द्यायचे. शेवटी पुढच्या भेटीपर्यंत करायचे एखादे छोटे काम ठरवायचे: वेळेवर जेवणे, बाळाशी खेळणे, कोणाची तरी मदत मागणे. सासूला आणि घरच्यांनाही सोबत घ्यायचे. ‘मानसिक आजार’ हा शब्दही उच्चारायचा नाही. बाळ आणि आई यांच्या तब्येतीसाठी आलो आहोत, एवढेच सांगायचे. त्यामुळे दार बंद झाले नाही आणि बदनामीही झाली नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे दहा महिन्यांपर्यंत अशा सोळा भेटी झाल्या. नैराश्य असलेल्या 903 स्त्रिया या अभ्यासात होत्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा प्रशिक्षित कार्यकर्तीच्या भेटी मिळालेल्या गटात 23 टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. दुसऱ्या गटाकडेही कार्यकर्त्या तितक्याच वेळा जात होत्या, पण त्यांना हे प्रशिक्षण नव्हते. तिथे हे प्रमाण 53 टक्के होते. म्हणजे नुसते जाऊन बसणे पुरले नाही. कसे बोलायचे हे शिकल्यामुळे फरक पडला. बाळांची उंची आणि वजन यांत मोठा फरक दिसला नाही, पण जुलाब कमी झाले आणि लसीकरण वाढले. 2008 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीची पुस्तिका काढली.

पुढे गोव्यात ‘संगथ’ संस्थेने हेच काम वस्तीतल्या साध्या, अनुभवी मातांना शिकवले. त्यांना नाव दिले ‘सखी’. तिथला फायदा रावळपिंडीइतका मोठा नव्हता, तरी बऱ्या होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले.

आपल्याकडे काय हवे?

गावच्या बाईला काय जमणार, ही शंका महाराष्ट्राने तरी काढू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्यांनी बालमृत्यू कमी करून दाखवले. त्याच वाटेने आज देशभर आशाताई घरी येतात. दवाखान्यात प्रसूती झाली तर बाळाच्या बेचाळीस दिवसांपर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, आईच्या रक्तस्रावाची चौकशी होते. याच सहा भेटींत आईच्या मनाची चौकशी नीट करता यावी, एवढे प्रशिक्षण प्रत्येक आशाताईला, सिस्टरला आणि प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना मिळायला हवे. शिकवून झाल्यावर पाठीशी उभा राहणारा तज्ज्ञही हवा. दोन दिवसांच्या शिबिरानंतर त्यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही. आणि वाढीव कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. आधीच वाकलेल्या पाठीवर फुकटचे ओझे नको.

प्रशिक्षणात एक गैरसमज दूर व्हायलाच हवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती असते. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून बाई मोकळी होते.

आमच्या मते हे शिक्षण आणखी दोघांना हवे. एक मालिशवाली किंवा दाई, कारण बाळंतीण तिच्याशी एकांतात बोलते. दुसरे आपले आलिम आणि इमाम साहेब. घाबरलेले कुटुंब आधी त्यांच्याकडे दम करवून घ्यायला जाते. दुआ जरूर करावी, पण इलाज करणे हीसुद्धा प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आले, तर घरचे ते मानतात. निफासच्या दिवसांत नमाज नाही म्हणून काहीजणींना अल्लाहपासून दुरावल्यासारखे वाटते. ती सवलत आहे, सजा नाही, आणि दुआ व जिक्र यांना मनाई नाही, हे त्यांनीच समजावून सांगावे.

वेळ न दवडता

आई असंबद्ध बोलू लागली, रात्रंदिवस झोपेना, कानात आवाज येतात म्हणाली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याविषयी बोलली, तर तिला क्षणभरही एकटे सोडू नये; त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हजारातून एक-दोन बाळंतिणींना असा तीव्र आजार होतो आणि तो बराही होतो. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधेही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. बाळ हिरावले जाईल या भीतीने आजार लपवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळे करता येत नाही. ‘टेलिमानस’ ही सरकारी मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते.

प्रशिक्षणाची मागणी आपण ग्रामसभेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मोहल्ल्यातील बैठकीत करूच. तोवर घरापुरते एक काम आजच होईल. बाळाला बघायला जाल तेव्हा खजूर आणि झबल्याबरोबर थोडा वेळही घेऊन जा. बाळाला तुम्ही घ्या, बाकीच्यांना चहासाठी बाहेर पाठवा आणि आईच्या शेजारी बसून विचारा, ‘बेटी, तुझं मन कसं आहे?’ मग ती बोलेपर्यंत गप्प राहा. अल्लाह प्रत्येक बाळंतिणीला आफियत देवो आणि तिचे ऐकणारे माणूस तिच्या घरातच निर्माण करो. आमीन.