आरसीची मुदत आणि खारा वारा

मुंबईच्या नातेवाइकाने गणपतीला आणून येथेच ठेवलेली, कोल्हापूरच्या दलालाकडून घासाघीस करून घेतलेली, किंवा बांद्याची हद्द ओलांडून गोव्यातून स्वस्तात मिळालेली, अशी कोणत्या ना कोणत्या वाटेने आचऱ्यात येणारी जुनी मोटार प्रथम रामेश्वराच्या देवळासमोर उभी राहते, तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात, नारळ फुटतो, आणि काही महिन्यांनी, बहुधा विम्याचे कागद चाळताना, नव्या मालकाच्या ध्यानात येते की आरसी बुकावर छापलेली मुदत संपत आलेली आहे. मग ‘गाडी पासिंगाक न्हेवची आसा’ हे वाक्य घरात दिवसातून चारदा उच्चारले जाऊ लागते आणि एजंटाचा शोध सुरू होतो. वास्तविक ही मुदत व्यवहाराच्या दिवशीही त्याच कागदावर छापलेली होती. परंतु जुनी मोटार घेणारा मनुष्य रंग पाहतो, टायर पाहतो, गाडी किती किलोमीटर चालली ते पाहतो, तारीख मात्र पाहत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षे ग्राह्य असते. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तसे खासगी गाडीचे नसते. तिची पहिली खरी सरकारी तपासणी एकदम १५ वर्षांनी होते, आणि ती उतरली म्हणजे नोंदणीला आणखी ५ वर्षांची मुदत मिळते. आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर त्यासाठी ओरोसच्या परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागते. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला एमएच ०७ हा क्रमांक आला, तो याच कचेरीचा. गाडीवर मुंबईचा क्रमांक असला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे नमुना २५, गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे तेथेच करावयाचा असतो आणि त्याच राज्यातला जुना क्रमांक बदलावा लागत नाही. या कामाची फी १ एप्रिल २०२२ पूर्वी ६०० रुपये होती, ती मोटारीसाठी ५,००० झाली. २० वर्षांपलीकडच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ती १०,००० करण्यात आली. शिवाय राज्य सरकारचा पर्यावरण कर निराळा. तेव्हा चौदा वर्षांची गाडी ‘स्वस्तात मिळाली’ असे सांगणाऱ्याने ही रक्कम किमतीत मिळवूनच स्वस्ताई मोजावी.

तपासणीच्या आधी नाव बदललेले असणे श्रेयस्कर. नमुना २९ आणि ३० वर दोन्ही पक्षांच्या सह्या होतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे असा कायदा आहे, परंतु कोकणात नात्यागोत्यातले व्यवहार तोंडी होतात आणि मुंबईचा काका हयात असेतोवर गाडी त्याच्याच नावावर राहते. असा काका पुढे निवर्तला म्हणजे वारसांच्या संमतिपत्रांचे जे प्रकरण उभे राहते, ते सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांच्या प्रकरणाहून फारसे सुखावह नसते. कर्ज काढून घेतलेली गाडी असल्यास बँकेचा बोजा नमुना ३५ वर उतरलेला आहे की नाही, हेही पाहावे. गोव्याच्या गाडीला तेथील कार्यालयाची नाहरकत लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि १२ महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. मोटार वाहन निरीक्षक सर्वप्रथम पाहतो तो इंजिनाचा आणि चासीचा नंबर, व त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला छाप. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ६२ वा नियम वस्तुतः भाड्याच्या वाहनांसाठी आहे, परंतु निरीक्षकाची नजर कशाकशावरून फिरते हे त्यातील यादीवरून समजते: दिव्यांचे झोत, परावर्तक, आरसे, काचा, भोंगा, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, वेगमापक आणि स्टिअरिंग. स्टिअरिंगला ३० अंशांहून अधिक मोकळी फिरकी असता कामा नये आणि टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, हे आकडे इतर नियमांत आहेत. चालू पीयूसी आणि चालू विमा तर हवाच; १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली हवी. पूर्वीच्या हौशी मालकाने लावलेले पुढचे लोखंडी बंपर आणि काचेवरची काळी फिल्म ओरोसला जाण्याआधी घरीच काढून ठेवलेली बरी.

ही यादी वाचताना एक गोष्ट मनात येते. रस्त्यावरच्या इतर माणसांना गाडीपासून धोका होऊ नये, एवढ्या बेताने ती आखलेली आहे, आणि त्या दृष्टीने ती योग्यही आहे. पण गाडीच्या तळपत्र्याला तीत स्वतंत्र जागा नाही, आणि समुद्रकाठी मोटार मरते ती तळापासूनच. मिठाचा गुणधर्म असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे ते हवेतले पाणी स्वतःच ओढून घेऊन विरघळू लागते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता या मर्यादेच्या खाली क्वचितच येते. म्हणून वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसलेला मिठाचा सूक्ष्म थर, गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असे आपल्याला वाटत असतानाही, ओलाच राहतो, आणि ज्या ओलीत क्लोराइड आहे ती लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खाते. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके तांबड्या मातीने बुजली म्हणजे हे काम आतून चालू होते. आचऱ्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी नेण्याची हौस पुरवून घेणाऱ्यांनी तर हा क्षय पदरचे पेट्रोल खर्चून विकत घेतलेला असतो.

गंजामुळे चासीच्या नंबरातला एखादा आकडा अस्पष्ट होतो आणि छापच उमटत नाही, हा एक त्रास. पण खरी काळजी ब्रेकच्या लोखंडी नळ्यांची करावी. शिवाय ब्रेकचे तेलही हवेतली ओल शोषते, आणि जितकी ओल अधिक तितके ते कमी उष्णतेला उकळते. आचरा ते कणकवली अशा सपाट प्रवासात याचा पत्ता लागत नाही, कार्यालयाच्या आवारातही लागणार नाही. फोंडा किंवा आंबोली घाट उतरताना, सतत दाबून तापलेल्या ब्रेकमध्ये त्या तेलाची वाफ झाली की पायाखालचे पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्याचा खर्च अल्प आहे, आणि जुनी गाडी घरी आल्यावरचे पहिले काम तेच असावे.

घाटावरची गाडी घ्यावी, तिला गंज नसतो, असे आपल्याकडे म्हणतात. ते बव्हंशी खरे आहे, मात्र ती येथे आल्यानंतर तिची ही थोरवी फार पावसाळे टिकत नाही. उलट तळाला ताजा, जाड काळा लेप दिसणारी किनाऱ्यावरची गाडी मला नेहमीच संशयास्पद वाटते. असा लेप कोरड्या, साफ केलेल्या पत्र्यावर दिला तर औषध आहे, गंजावर दिला तर निव्वळ पडदा आहे. आणि विकायच्या आधल्या आठवड्यात दिलेला लेप कोणत्या जातीचा, हे सांगावयास पंडित नको. बोटाने वाजवून, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचून पाहावे. विकणारा नको म्हणाला तर व्यवहार तेथेच सोडावा.

सबब, ज्यांची मुदत येत्या पावसात संपत आहे त्यांना सांगणे इतकेच की अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो आणि मुदत उलटल्यावर मोटारीला प्रत्येक महिन्यामागे ५०० रुपये अधिक पडतात. मृगाच्या आधीच मालवण किंवा कणकवलीच्या एखाद्या गॅरेजात गाडी जॅकवर चढवून तळ धुऊन घ्यावा, ब्रेकच्या नळ्या आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात, आणि मगच ओरोसची वाट धरावी.