एकच सीटी, प्रश्न मात्र दोन

संशोधनाला लागण्यापूर्वी एक सवय लावून घ्या: कोणताही ‘स्कोअर’ दिसला की आधी विचारायचं, हा कोणत्या प्रश्नासाठी बनवलाय?

समजा, घाटंजी तालुक्यातल्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला एक मूल सापडलं. बाहेरचा कान अर्धवट, कानाचं छिद्रच नाही. अशा मुलाचा आतला कान बहुतेकदा चांगला असतो, अडथळा वाटेत असतो. पण हे सीटी सांगत नाही. त्यासाठी बेरा आणि ऑडिओमेट्री लागते. सीटी हाडांची रचना दाखवतो. त्यात रेडिएशन असतं, म्हणून तातडीचं कारण नसेल तर तो शस्त्रक्रियेचा विचार सुरू होईपर्यंत थांबवतात. तोवर डोक्याला पट्ट्याने बांधायचं बोन कंडक्शन यंत्र कामी येतं.

सीटी झाल्यावर बरेच जण जार्सडोर्फर स्कोअर मोजतात. १९९२ सालचा, एकूण १० गुणांचा. रिकीब हाडाला २ गुण. अंडाकृती खिडकी, गोल खिडकी, मध्यकर्णाची जागा, चेहऱ्याची नस, हातोडी-ऐरण, ऐरण-रिकीब सांधा, कानामागच्या हाडातली हवा आणि बाहेरचा कान यांना प्रत्येकी १.

आपल्या मुलाचे हातोडी-ऐरण, सांधा, बाहेरचा कान आणि नस असे चार गुण गेले. उरले ६, म्हणजे काठावर. पण काठावर कशासाठी? कानाची नवी वाट कोरून ऐकू आणण्यासाठी. स्कोअर त्याच प्रश्नासाठी बनला होता.

मध्यकर्णातलं इम्प्लांट वेगळं काम करतं. त्याचा तांदळाच्या दाण्याहूनही छोटा कंपक थेट रिकिबीवर किंवा गोल खिडकीवर बसवता येतो. हातोडी-ऐरण आणि सांधा वगळूनच आवाज पुढे जातो. बाहेरच्या कानाचा गुणही इथे फारसा लागत नाही. म्हणजे गेलेल्या चारांपैकी तीन गुण या प्रश्नात जवळपास गैरलागू. चौथा मात्र कळीचा: नस जागा सोडून कंपकाच्या वाटेत आडवी आली, तर चेहरा लुळा पडण्याचा धोका.

म्हणूनच २०१३ मध्ये फ्रेंझेल आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांटसाठी १६ गुणांचा वेगळा स्कोअर मांडला.

जुना आकडा बघून ‘हे मूल शस्त्रक्रियेला योग्य नाही’ एवढंच फाइलवर लिहिलं, तर पालक ते ‘काहीच होणार नाही’ असं वाचतात. तुमच्या प्रबंधातही हेच होऊ शकतं. आकड्याआधी प्रश्न लिहा.