सूज कुणाची, अॅलर्जी कुणाची?

कर्नाळ्याच्या सुळक्यावर मोहोळं असतात, हे पनवेलच्या कुठल्याही ट्रेकरला विचारा. तरी कुणीतरी डिओ मारून येतोच! त्या रविवारी आमच्या ग्रुपमध्ये हा मान एका बँकवाल्या मित्राकडे होता. डिओमुळे असेल नाहीतर आमच्या आरडाओरड्यामुळे, माश्या उठल्या आणि आम्ही धूम ठोकली. खाली येऊन हिशेब केला, तर डंख दोघांनाच.

बँकवाल्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म! सगळे त्याच्याभोवती. आयटीतल्या मैत्रिणीला मानेवर एकच डंख होता, सूज फारशी नव्हती. पण थोड्याच वेळात अंगभर खाज, गांधी, मळमळ आणि गाडीत बसताना डोळ्यांपुढे अंधारी. ‘सकाळचा वडापाव बाधला’ म्हणत तिनं सेट्रिझिन घेतली आणि झोपून गेली. बँकवाल्यानं मात्र दुसऱ्याच दिवशी अॅलर्जी टेस्ट बुक केली.

चुकीच्या माणसानं, चुकीच्या दिवशी!

डंखाच्या जागेभोवती १० सेंटिमीटरहून मोठी सूज आली, ती दोन-चार दिवस राहिली, तरी ती बहुतेकदा तिथल्या तिथेच थांबते. अशांना पुढच्या वेळी गंभीर रिअॅक्शन येण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. खरी धोक्याची घंटा म्हणजे डंखापासून लांब काहीतरी घडणं : अंगभर गांधी, घशाला सूज, धाप, उलटी, चक्कर. हिला म्हणतात अॅनाफिलॅक्सिस. तेव्हा लागतं मांडीत अॅड्रिनलिनचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. सेट्रिझिननं ते भागत नाही. (एकाच वेळी शेकडो डंख बसले तर गोष्ट वेगळी. तिथे अॅलर्जी नसलेल्यालाही विषच भारी पडतं.)

मग टेस्ट सरसकट सगळ्यांनीच का करू नये? कारण कधीही रिअॅक्शन न आलेल्या कितीतरी लोकांची टेस्टही पॉझिटिव्ह येते. म्हणून डॉक्टर आधी गोष्ट ऐकतात, टेस्ट नंतर. दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण रिअॅक्शननंतर शरीर काही काळ थंडावतं. साधारण ४ ते ६ आठवडे थांबायचं. मग विषाचा अगदी पातळ अर्क त्वचेवर टोचतात, फुगवटा येतो का बघतात आणि लागेल तसा दाट करत नेतात. त्याआधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद. जोडीला रक्तातली आयजीई तपासतात. तिला गोळ्यांची अडचण नाही.

एक गोची आहे. तयार अर्क बहुतेक युरोपीय मधमाशीचे असतात, आपल्या आग्या माशीचे नाहीत. दोन्ही विषं बरीच मिळतीजुळती, त्यामुळे काम भागतं. पण अंधारी आलेल्या माणसाची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. आणि निदान पक्कं झालं, तर ३ ते ५ वर्षांची इम्युनोथेरपी असते. पूर्वी तिच्यासाठी अख्ख्या माशीचा अर्क वापरत. १९७८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तो नुसत्या खोट्या औषधाइतकाच. उपयोगी पडतं ते शुद्ध विष.

हे सगळं वाचून मी मैत्रिणीच्या मागे लागले. ती कुरकुरत का होईना, सहाव्या आठवड्यात अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेली. वेटिंग रूममधूनच तिचा फोन, ‘‘अगं, ते विचारतायत मधमाशी होती की गांधीलमाशी? माझ्या मानेत काटा राहिला होता का?’’

गांधीलमाशी सहसा काटा मागे सोडत नाही. मधमाशी सोडते.

‘‘होता,’’ मी म्हटलं. ‘‘मीच नखानं काढला.’’