फिशटँकमधल्या झाडांना उजेड हवा तरी किती?

आमच्या धाकटीच्या हट्टापायी घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी आली. गप्पी मासे आले. प्लॅस्टिकची झाडे नकोत, खरी पाणवनस्पती लावू, असे घरात ठरले आणि तिथूनच दिव्याचा प्रश्न उभा राहिला.

दुकानदाराने रिमोटवर रंग बदलणारी पट्टी दाखवली. निळा, जांभळा, लाल! शेजारपाजारची मुले बघायला येत, मासेही झोकात दिसत. झाडे मात्र महिन्याभरात पिवळी पडून सडू लागली. मग आम्ही दुसरे टोक गाठले. अंगणात लावतात तसला मोठा फोकस वर बसवला आणि सकाळच्या चहापासून रात्री टीव्ही बंद होईपर्यंत चालू ठेवला. पंधरा दिवसांत काचेवर हिरवा चिकट थर, पानांवर केसांसारखे शेवाळ आणि पाणी मुगाच्या कढणासारखे. दोन वेळा पैसे गेले ते गेलेच, वर धाकटीचे रडणे.

हिशेब हा आमचा रोजचा धंदा. तेव्हा तो इथेही मांडून पाहिला. दिव्याच्या खोक्यावर वॅट छापलेले असतात, ते वीज किती खाणार याचे माप. उजेडाचे माप ल्युमेन, तेही खोक्यावर असते. या शौकातल्या जुन्या मंडळींचा ढोबळ आडाखा असा, की साध्या झाडांना दर लिटरला दहा ते वीस ल्युमेन पुरतात. आमच्या टाकीत पाणी पन्नास लिटरच्या आसपास. म्हणजे पाचशे ते हजार ल्युमेन झाले. दहा वॅटची दोन फुटी एलईडी ट्यूब साधारण तेवढाच उजेड देते, आणि ती कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, झाडाचे नव्हे. पण पांढऱ्या दिव्यापुरते त्यावर काम भागते. टाकी उंच असेल तर मात्र तळाशी उजेड कमी पोचतो, हे धरून चालावे.

आता रंग. खोक्यावर 6500 के असा आकडा दिसतो. हा दिवसासारखा पांढरा उजेड. 2700 म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा. झाडे लाल आणि निळा प्रकाश अधिक वापरतात हे खरे, पण पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही असतात. 6500 घेतला की पाने हिरवी दिसतात व झाडेही वाढतात. निव्वळ निळे दिवे समुद्रातल्या प्रवाळांच्या टाक्यांसाठी असतात. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी त्यांवर पैसे घालू नयेत.

सर्वांत मोठी चूक तासांची. आमचा दिवा चौदा तास जळत होता. दिवसाला सहा ते आठ तास पुरे. उजेड वाढला, पण झाडांना त्या प्रमाणात खत आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही, तर उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसते. खिडकीतले ऊनही याच खात्यात जमा होते. टाकी खिडकीपासून दूर सरकवली. आठवणीवर भरवसा नको म्हणून प्लगचा टायमर घेतला. दुपारी तीनला लागतो, रात्री दहाला बंद. महिन्याला जेमतेम दोन युनिटे जातात.

झाडेही बेताचीच निवडली. जावा फर्न आणि अनुबियास कमी उजेडात तगतात. त्यांचे जाड खोड वाळूत पुरू नये, दोऱ्याने दगडाला बांधावे. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन मुळांनी वाळूत रुजतात. क्रिप्टोकोरीनची पाने नवीन जागी आल्यावर कधी कधी विरघळून जातात. घाबरून उजेड वाढवू नये. मुळे जिवंत असली की पुन्हा फुटतात. चित्रातल्यासारखी तळाशी पसरणारी हिरवळ हवी असेल, तर तीव्र उजेड आणि गॅसची बाटली दोन्ही लागतात. तो खर्च आमच्या पगारात बसत नाही.

एक गोष्ट पैशापेक्षा मोठी. पाण्यावर वीज टांगतो आहोत, याचे भान ठेवावे. दिव्याखाली काचेचे झाकण हवे. वायरला प्लगच्या खाली झोळ सोडावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप सगळ्यांचे प्लग काढावेत. हे आम्ही धाकटीकडून तोंडपाठ करून घेतले आहे. परवा आम्हीच विसरून हात घालायला निघालो, तर तिने ओरडून थांबवले.

अंगणातला तो फोकस आता चाळीच्या जिन्यावर लावला आहे.