भुलगा : परावाचूनचा पॉर्पॉइज

पाचोऱ्याच्या आठवडे बाजारात सुक्या बोंबलांच्या आणि सुकटाच्या ढिगांभोवती जी गर्दी जमते, तिच्यातील फार थोड्यांनी समुद्र पाहिलेला असतो. तथापि आपल्या गिरणेचे पाणी तापीला मिळून खंबायतच्या आखातात पोहोचते, आणि ज्या अरबी समुद्राच्या उथळ काठावरून ही सुकी मासळी खानदेशात येते, त्याच काठावर भारतीय सागरातील एकमेव पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी, वास्तव्य करून आहे. जुन्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत त्याचे मराठी नाव ‘भुलगा’ असे नोंदलेले आढळते.

शास्त्राच्या दफ्तरात मात्र या प्राण्याची नोंद आरंभापासूनच चुकली. १८२९ मध्ये क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, तेव्हा नमुन्याचे ठिकाण म्हणून आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपचे नाव लागले. तो बहुधा आपल्या मलबार किनाऱ्यावरचा असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला. त्याला काळा म्हणत, तेही मृत देह पाहून. जिवंतपणी राखाडी असलेली त्याची त्वचा मृत्यूनंतर काळवंडते.

सुमारे दीड मीटर लांबीच्या या सस्तन प्राण्याच्या पाठीवर डॉल्फिनसारखा पर नसतो. त्याऐवजी बारीक खडबडीत उंचवट्यांचा एक कंगोरा असतो. तो क्वचितच उसळी मारतो, नौकेपासून दूर राहतो, आणि म्हणून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डॉल्फिन पाहण्यास गेलेल्या प्रवाशांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. गढूळ पाण्यात तो ध्वनीच्या साहाय्याने मासे, कोळंबी आणि माकुल शोधतो. त्या ध्वनीची कंपने सेकंदाला सव्वा लाखाच्या घरात असतात, आणि मनुष्याचा कान वीस हजारांपाशीच थांबतो.

इतक्या सूक्ष्म श्रवणशक्तीलाही नायलॉनचा बारीक धागा पुरेसा प्रतिध्वनी देत नाही, हीच त्याची शोकांतिका होय. पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या गिलनेटमध्ये तो अडकतो, आणि फुप्फुसांनी श्वास घेणारा असल्यामुळे काही मिनिटांत गुदमरतो. त्याला मारण्याचा हेतू कोणाचाही नसतो. मेक्सिकोतील त्याचा आप्त व्हाकिटा अशाच जाळ्यांमुळे मूठभर संख्येवर आला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भुलग्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. परंतु भर समुद्रात कायद्याचा अंमल कोळ्याच्याच हाताने व्हावयाचा असतो. त्या दृष्टीने डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने केलेली तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते : संरक्षित प्राण्याला सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. कासव किंवा देवमुशीसारखा थोर मासा यांना तिचा लाभ होण्यास अवधी असतो. भुलग्याला तो नसतो. रात्रभर बेवारस सोडलेले जाळे पहाटे ओढले, तर कापण्यासारखे काही उरत नाही. म्हणून जाळ्यापाशी थांबून ते वेळोवेळी तपासणाऱ्या कोळ्याच्या त्या जागरणाचा मोबदलाही सरकारी हिशेबात धरला गेला पाहिजे.